थंड हुरडा

“मग सर, पैसे वसूल?”

वसमत रोडवरच्या टपरीवर हा प्रश्न आला तेव्हा चहाचा ग्लास अजून हातात पडला नव्हता. मुलीनं बापाला मुंबईत कुठल्याशा लई भारी हॉटेलात जेवायला नेलं, ही बातमी माझ्या आधीच देवगिरी एक्सप्रेसनं परभणीत उतरली होती. विचारणारा माझा जुना सहकारी. कृषी विद्यापीठाच्या ज्वारीच्या प्लॉटांवर आम्ही दोघांनी मिळून पाखरं राखली, कणसांना कागदी पिशव्या बांधल्या आणि निवृत्तही एकाच वर्षी झालो. त्याला खोलात जायचं नव्हतं, हो किंवा नाही एवढ्यावर भागलं असतं. मी म्हणालो, “चांगलं होतं.” “चांगलं म्हणजे?” “म्हणजे चांगलंच.” “म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं,” असा निकाल लावून तो सोयाबीनच्या भावावर गेला आणि त्याच्यामागून बाकीचेही गेले. मी तिथंच अडकलो. त्याचा निकाल बरोबर नव्हता एवढं कळत होतं, पण बरोबर निकाल कुठला, तो काही जिभेवर येईना. शिवाय पैसे माझे नव्हतेच. वसूल व्हायचे तर मुलीचे व्हायचे, आणि तिला हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

त्या जागेचं नाव घेत नाही. रविवारच्या पुरवण्यांत ते सारखं येत असतं. ज्यांना ठाऊक आहे ते ओळखतील, बाकीच्यांचं काही अडणार नाही. बाहेर पाटी जवळपास नाहीच. आत गारवा, अंधार आणि उजेड तेवढा टेबलांवर. मेन्यूकार्ड नाही. काय खायचं ते त्यांनी ठरवलेलं असतं, आपण फक्त जागा धरताना काय चालत नाही ते सांगायचं. मुलगी हे मला टॅक्सीत जपून जपून समजावत होती, बाबा ऐनवेळी काही बोलतील या धास्तीनं. पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पंगतीत तरी कुठं मेन्यू असतो? बसायचं आणि पुढं येईल ते खायचं. फरक बसल्यावर कळला. पंगतीत पान एकदम भरतं. वर मीठ, लिंबू, डाव्या अंगाला चटणी-कोशिंबीर, उजव्या अंगाला भाज्या, मधे भाताची मूद, आणि मग कशाला काय लावायचं, कुठला घास आधी, मठ्ठा केव्हा, हा सगळा कारभार आपला. इथं तो कारभारही त्यांच्याकडं. एक पदार्थ येतो, संपतो, ताटली जाते, दुसरा येतो. समोर जे आहे त्याखेरीज बघायला दुसरं काही नसतंच. सुरुवातीचे पदार्थ मी जरा बावरूनच खाल्ले. एक कुरकुरीत पान होतं, त्यावर मासळीचं काहीतरी. एक आंबट घोट होता, कोकमाचा असावा. आणि निखाऱ्यात भाजलेला एक कांदा. कांदा मला फारच आवडला, पण अशा ठिकाणी येऊन कांदा आवडला म्हणून मोठ्यानं सांगावं का, याचा अंदाज येईना.

प्रत्येक ताटलीबरोबर एक मुलगा यायचा. मिझोरामचा, हे मी विचारल्यावर त्यानं सांगितलं. पदार्थ कुठून आला, कुणी पिकवला, किती दिवस मुरवला, हे तो हलक्या आवाजात, हात मागं बांधून सांगे. सांगणं बहुधा पदार्थापेक्षा लांब असे. मला त्याचा राग नाही आला. आमच्या संभाजीनगरला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायला बसा, पहिला तुकडा मोडायच्या आत कुणीतरी १३२७ सालचा तुघलक, त्याचं सैन्य आणि दौलताबाद घेऊन येतंच. जेवणाला गोष्टीची फोडणी आपणही देतो. तर तो मुलगा एक काळी दगडी वाटी ठेवून म्हणाला, “सर, ये हुरडा है. महाराष्ट्र का.” टेबलाखालून मुलीनं माझ्या पायावर पाय ठेवला.

वाटीत तीन-चार चमचे हिरवा हुरडा होता. पातळ ताकात बुडालेला, वर मिरचीच्या हिरव्या तेलाचे थेंब, भाजलेल्या शेंगदाण्याचा भरडा आणि कोथिंबिरीचं एकच पान. देखणा होता, यात वाद नाही. मी चमचा तोंडात घातला. थंड.

आता हुरड्याबद्दल माझ्याशी बोलताना लोकांनी जपून बोलावं. नोकरी ज्वारीत झाली हे एक, आणि लहानपण गंगाखेडकडच्या काळ्या रानात गेलं हे दुसरं. आमच्याकडं हुरड्यासाठी गुळभेंडी ज्वारीच्या चार ओळी बांधाच्या कडेनं वेगळ्या पेरत. तिचा दाणा गोड, टपोरा, आणि फोलपटातून लगेच सुटणारा. भाकरीला तिची फारशी किंमत नाही. पौषात कणीस चिकातून बाहेर पडतं आणि दाणा टणक होण्याआधीचे थोडेच दिवस हातात असतात. त्याच्याआधी चुरडलं तर नुसतं दूध, त्याच्यानंतर साखरेचं पीठ झालेलं. थंडीनं हात बधिर झालेले असताना आगटी पेटवायची. आगटी म्हणजे वीतभर खड्डा आणि त्यात गोवऱ्या. धूर पूर्ण बसला, नुसता लाल निखारा राहिला की दांड्यासकट कणसं त्यात खोचायची. माझे चुलते कणीस बाहेर काढून तसंच उघड्या तळव्यांत धरून चोळत. आम्हा पोरांना ते जमत नसे, भाजायचं. दाणे सुपात पडले की एक फुंकर, फोलपट उडालं, आणि ते दाणे थेट समोरच्याच्या ओंजळीत. तळहाताला चटका बसला पाहिजे. चटका बसत नसेल तर तो हुरडा आमच्यात हुरडा धरत नसत. तिळाची चटणी, जवसाची चटणी, गुळाचा खडा, मडक्यातलं दही, आणि दाण्याला लागलेला राखेचा बारीक वास. माझ्या पुतण्यानं अलीकडं त्याच रानात माणशी दर लावून हुरडा पार्टी सुरू केली आहे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि बैलगाडीची चक्कर धरून. शहरातून आलेली मंडळी तिथं डोळे मिटून वाहवा करतात आणि मला तो हुरडा जून लागतो. पुतण्याला सांगितलं तर तो हसतो.

त्या मिझोरामच्या मुलानं “कसं वाटलं” म्हणून विचारलं, आणि मी सांगून टाकलं, गरम पाहिजे होता. मुलीचा पाय पुन्हा आला, पण उशिरा. मुलगा आत गेला आणि थोड्या वेळानं एका तरुण स्वयंपाक्याला घेऊन आला. त्या पोराच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने व्रण होते, म्हणजे माणूस कामाचा. वाद घालायला आला असेल असं मला वाटलं होतं. त्यानं विचारलं, तुमच्याकडं कसा करतात. मी हातानं चोळून दाखवलं. तो म्हणाला, गरम करून पाहिला होता. भाजून, चोळून, वाटीत घालून टेबलावर येईपर्यंत दाणा चिवट होतो आणि गरम ठेवायला गेलं तर आणखी वाळतो, म्हणून मग ताकात टाकला. यावर मला बोलायला काही उरलं नाही, कारण ते खरंच होतं. हुरडा रानात जाऊन खातात तो हौसेनं नाही, तो रानाबाहेर येऊ शकत नाही म्हणून. त्या स्वयंपाकघरापासून आमच्या टेबलापर्यंत वीस पावलं असतील, हुरड्याला तेवढीही जास्त. मग त्यानं वाण विचारले. मी गुळभेंडी सांगितली, सुरती सांगितली, आमच्या विद्यापीठानं खास हुरड्यासाठी काढलेला परभणी वसंत सांगितला. त्यानं एका चिठ्ठीवर लिहून घेतले. कोपनहेगनचं नोमा नावाचं रेस्टॉरंट २००३ साली निघालं, दुसऱ्याच वर्षी तिकडच्या बारा शेफनी आपल्याच मातीतलं, आपल्याच हंगामातलं शिजवू असा जाहीरनामा काढला आणि २०१० साली नोमा जगात पहिलं ठरलं; तेव्हापासून देशोदेशीचे स्वयंपाकी आपापल्या बांधावर काय उगवतं ते शोधू लागले, ही माहिती मला मुलीनं नंतर दिली. २०२३ हे तर भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्षच होतं. म्हणजे गोदाकाठचा हुरडा मुंबईला पोचला तो मनमाडवरून नाही, डेन्मार्कवरून. असो. चिठ्ठी खिशात घालून तो पोरगा आत गेला, मला तो आवडला, आणि वाटीतला हुरडा थंडच राहिला. मी मनात गुण दिले, पाच.

हे पाच कुठून आले ते सांगायला हवं. विद्यापीठात ज्वारीचा नवा वाण तयार होऊ लागला की त्याच्या भाकरी करून आम्हा काही जणांना चाखायला बसवत. समोर बश्या, बशीवर वाणाचं नाव नाही, नुसता तीन आकडी नंबर. शेजाऱ्याशी बोलायचं नाही. एक तुकडा खायचा, कागदावर रंग, वास, पोत, चव यांचे गुण मांडायचे, पाण्यानं चूळ भरायची, पुढचा तुकडा. गुण एक ते नऊ. नऊ म्हणजे अतिशय आवडली, एक म्हणजे अजिबात नाही, आणि पाच म्हणजे आवडलीही नाही, नावडलीही नाही. ही नऊ पायऱ्यांची शिडी मुळात अमेरिकन लष्करानं आपल्या शिपायांना कुठलं जेवण रुचतं हे पाहण्यासाठी केलेली. फिरत फिरत ती आमच्या भाकरीपाशी आली. २०१८ साली लोह आणि जस्त जास्त असलेला परभणी शक्ती बाहेर आला तेव्हा वर्तमानपत्रांनी लोहाचं कौतुक केलं, शेतकरी मात्र विचारत होते की भाकरी पांढरी होते का, संध्याकाळपर्यंत मऊ राहते का, आणि कडबा जनावर खातं का. हे तीन प्रश्न विचारणारा माणूस कुठल्याही परीक्षकाला भारी आहे. मिशेलिनचे तारे आपल्याकडं येत नाहीत, पण त्यांचीही रीत ऐकण्यासारखी आहे. टायर विकणाऱ्या कंपनीनं १९०० साली मोटारवाल्यांसाठी काढलेली ती पुस्तिका. १९२६ पासून तारे देऊ लागली. परीक्षक ओळख न देता येतो, बिल स्वतः भरतो, आणि पाहतो काय तर माल कसा आहे, हात कसा आहे, चवी एकमेकींशी जुळतात का, करणाऱ्याचं स्वतःचं काही त्यात आहे का, आणि पाचवी गोष्ट, पुन्हा येईन तेव्हा हे असंच असेल का. तीन तारे म्हणजे खास प्रवास करून जावं असं ठिकाण. आम्ही खास प्रवास करूनच गेलो होतो, त्यामुळे तारे नसले तरी अपेक्षा तीन ताऱ्यांचीच होती.

हुरड्याच्या नंतर गुच्छी आली.

गुच्छी हे हिमालयातलं मशरूम. बर्फ वितळल्यावर रानात उगवतं, लोक वेचून आणतात, वाळवून विकतात आणि किलोचा भाव हजारांत सांगतात. हे सगळं त्या मुलानं सांगितलं, मी ऐकलं की नाही आठवत नाही. ताटलीत एकच होती, बोटाच्या दोन पेरांएवढी, वरून मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार, आत काहीतरी भरलेलं, खाली तपकिरी रसाचा एक थेंब. मी ती अर्धी तोडली, खाल्ली आणि थांबलो. ती चव कशाच्या शेजारी ठेवावी हेच कळेना. थोडी धुरकट, थोडी मटणाच्या रश्श्याच्या तळाकडची, आणि मागून ओल्या मातीचं काही, पण यातलं काहीच नाही. मराठवाड्यात मातीचा वास म्हटला की मृगाचा पहिला पाऊस. हा तो नव्हता, हा सावलीतल्या, कधीही न तापलेल्या जमिनीचा होता. आमच्याकडं अशी जमीन नाही. बासष्ट वर्षांच्या जिभेला एकदम नवं काही कळावं हेच मुळात अघटित. उरलेला अर्धा मी फार हळू खाल्ला. संपल्यावर ताटलीकडं बघत बसलो. पंगतीत असतो तर वाढप्याला नुसती नजर दिली असती, तो परत फिरला असता, “घ्या हो, लाजता काय” म्हणाला असता. इथं आग्रह ही गोष्टच नाही. ताटली गेली. नऊ, मी मनात म्हणालो. हातचा राखून ठेवायलाही जागा नाही. नऊ.

एकाच माणसानं, एकाच बैठकीत, एकाच स्वयंपाकघराला पाच आणि नऊ दिले. गाडीत परत येताना झोप लागेना तेव्हा मी हा हिशेब मांडून पाहिला, आणि तो सुटण्याऐवजी बिघडतच गेला. भाकरी चाखायला आम्ही कुणाला बसवत होतो? रोज भाकरी खाणाऱ्यांनाच. एकदा पाहुणे म्हणून आलेल्या कुण्या दक्षिणेकडच्या साहेबांना हौसेनं बसवलं होतं, त्यांनी गरम म्हणून झाडून सगळ्या नंबरांना आठ आणि नऊ दिले, आणि त्यांचा कागद आम्ही निमूट बाजूला काढला. त्या नियमानं माझा गुच्छीचा कागद बाजूलाच निघतो. मला गुच्छीतलं काय कळतं? शेजारच्या टेबलावर एखादा काश्मिरी बसला असेल, त्याच्या घरी लग्नात गुच्छीचा पुलाव होत असेल, आणि तो बायकोला म्हणत असेल की यात दम नाही, पण तो ताकातला हुरडा मात्र काय सुंदर! म्हणजे जिथं मला कळतं तिथं हे रेस्टॉरंट मध्यम आणि जिथं कळत नाही तिथं अप्रतिम. अशा मोठ्या नावांचं असंच होत असेल का? दहा-बारा मुलखांतल्या बारा गोष्टी एका रात्रीत आणून ठेवायच्या. प्रत्येकाला त्यातली एखादीच ओळखीची निघणार. तिथं तो नाक मुरडेल, पण उरलेल्या अकरा ठिकाणी हात टेकेल, आणि अकरा एकला भारी पडतात.

आमच्याकडच्या आचाऱ्यांना ही सोय नाही. लग्नाच्या पंगतीला पाचशे माणसं बसतात आणि पाचशेच्या पाचशे जणांना वरण कळतं. वांग्याची भाजी कळते, बुंदीचा पाक कळतो, मठ्ठ्यात पाणी किती घातलं ते कळतं. हात धुवायच्या आत निकाल बाहेर पडतो, आणि तो द्यायला कुणी तिथं पैसे भरून आलेला नसतो, त्यामुळे जीभ मोकळी असते. आमच्या भागात एक आचारी होते, तालेवार घरांतली लग्नं त्यांच्या तारखा पाहून धरत. एका लग्नात त्यांची भाजी खाली लागली. जराशीच. पुढं कैक वर्षं ते कुठंही दिसले की माणसं आधी रामराम घालत आणि मग ती भाजी काढत. मुंबईच्या त्या जागेला असा धोका नाही. तिथं बहुतेक माणसं वाढदिवसाला, लग्नाच्या पंचविशीला, निवृत्तीला म्हणून एकदा येतात. आधी जागा धरून, दिवस मोजून, चांगले कपडे घालून. इतकं केल्यावर जेवण चांगलं होतंच. मीसुद्धा टपरीवर “चांगलं होतं” म्हणालो त्यात हा भाग होताच की. मुलीनं दिलेलं जेवण मी वाईट कसं म्हणू?

बिल आलं तेव्हा तिनं ती चामड्याची घडी स्वतःकडं वळवली, तरी आकडा मला दिसला. पंधरा हजारांच्या पुढं. २०२४-२५ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता. म्हणजे आम्ही दोघांनी चार क्विंटलांहून जास्त ज्वारी एका रात्रीत संपवली. हे गणित मी मनातल्या मनात केलं आणि मुलीला सांगितलं नाही, कारण ते तितकं सरळ नाही. काचेतून स्वयंपाकघर दिसत होतं. रांधणारे आणि वाढणारे मिळून जवळजवळ जेवणाऱ्यांइतकीच माणसं होती. हातांचे पैसे होतात. ज्वारीलाही हातच लागतात, उपटायला, कणसं मोडायला, पेंढ्या बांधायला. तिथं त्यांचे पैसे होत नाहीत म्हणून तर आमच्या रानातली ज्वारी जाऊन सोयाबीन आलं. वडील बहात्तरच्या दुष्काळाचं सांगत. रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकरीकडं बघून माझी आजी आधी रडली आणि मग तीच भाकरी सगळ्यांना मोजून वाढली. मला ती भाकरी आठवते, चव आठवत नाही. तेव्हा गुण द्यायचे नव्हते.

परतीच्या टॅक्सीत मी मुलीला विचारलं होतं, तुला काय आवडलं. मला वाटलं गुच्छी म्हणेल. ती म्हणाली, “हुरडा.” मी म्हणालो, “अगं, थंड होता.” “मग? लहानपणी खायचो तसाच लागला.” मला ते लागलं. गंगाखेडच्या रानात जन्मलेल्या माणसाची मुलगी, आणि हुरडा कसा लागतो तेही विसरली, मुंबईनं जीभ नेली, असं काहीबाही मनात आलं. बोललो नाही. तिनं केलेल्या खर्चावर आणखी पाणी कशाला ओता.

घरी आल्यावर हिनं सगळं खोदून खोदून विचारलं. गुडघ्यांमुळं ही आली नव्हती. रात्रीची गाडी, वरचा बर्थ मिळाला तर काय, म्हणून. समोर मेथीची जुडी, निवडता निवडता एकेक पदार्थ वदवून घेत होती. कांद्याला हसली. गुच्छीला म्हणाली, “अळंबी ना? मला तो वास नाही सोसत.” मग हुरड्याशी आलो.

“थंड?”

“थंड.”

“ताकात?”

“हो ना. वर मिरचीचं तेल आणि शेंगदाण्याचा भरडा.”

“मग आमचाच की,” ही म्हणाली, आणि मेथी निवडतच राहिली.

मग तिनं सांगितलं ते असं. हुरड्याच्या दिवशी घरातली बाप्ये मंडळी आणि पोरं उजाडताच रानात जायची. त्याच्या आधी, पहाटे उठून, चटण्या कुटून, दही लावलेलं मडकं बांधून सालगड्याच्या हाती पाठवायचं काम बायकांचं. आमच्या घरातल्या बायका आगटीवर जात नसत. सांजवेळी सगळे परतायचे ते राखेनं माखलेले, तृप्त, आणि पंचात बांधलेला उरलेला हुरडा चुलीपुढं ठेवायचे. तो एव्हाना गार आणि चिवट झालेला असायचा, दाताखाली रबर. माझी आई तो ताकात घालून ठेवायची, मऊ यावा म्हणून. मीठ, खलबत्त्यात ठेचलेली मिरची, आणि रानातून परत आलेल्या चटणीच्या डब्यात खाली राहिलेला शेंगदाण्याचा भरडा. रात्री पानं आटोपली, बाप्ये झोपायला गेले, की मग चुलीच्या उबेला बसून बायका तो खायच्या. घरातल्या लेकीबाळींना त्यातलाच. “लई गोड लागतो,” ही म्हणाली. “रात्रभर मुरला तर अजून गोड. मी परकरात होते तेव्हापासून तसाच खाल्लाय, माहेरी पण आणि इथं पण. गरम हुरडा कसा लागतो ते मला कुठं माहीत?”

मी त्या घरात वाढलो, त्याच चुलीपुढं जेवलो, आणि ती वाटी माझ्या पुढ्यात कधी आली नव्हती. माझ्या डोळ्यांपुढं तो हातांवर व्रण असलेला पोरगा आला. दाणा चिवट होतो, मग काय करायचं, मग ताकात टाकायचा. माझ्या आईपुढं तीच अडचण, आणि तिनं काढलेली तोडही तीच. त्यानं कोपनहेगनचं सगळं वाचलं असेल. आईनं बिनशाळेचं, अंधारात, उरलेल्या चटणीवर ते केलं. दोघांच्या वाट्या शेजारी ठेवल्या, वर तीन आकडी नंबर घातले आणि मुलीला व हिला चाखायला बसवलं, तर गुण काय पडतील ते सांगायला नको. ह्या पॅनेलवर मी बसायलाच नको होतो, की मीही बसायला हवं आणि त्याही, हे मला ठरवता आलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर एवढं सगळं ऐकूनही मला तो हुरडा आवडला असं होत नाही. तोंडात घातला तेव्हा थंड लागला आणि आज आठवला तरी थंडच लागतो. माझे पाच पाचच आहेत. फक्त आता त्या कागदावर माझं एकट्याचं नाव आहे, हे दिसतं.

मी हिला म्हणालो, यंदा पौषात पुतण्याच्या रानात जाऊ, आगटीवरचा खा एकदा. ती म्हणाली, गुडघ्यानं बांधावर बसवतं का मला? मी खुर्च्यांचं सांगितलं. ज्या खुर्च्यांना मी आजवर नावं ठेवत आलो त्याच. तिथं संभाजीनगरहून येणाऱ्या बायका आगटीला रेलून बसतात, पुतण्या स्वतः चोळून त्यांच्या ओंजळीत दाणे घालतो, हेही सांगितलं. “पुतण्या वाढतो?” एवढंच तिनं विचारलं, आणि जाऊ म्हणाली. आणि मुंबईला? मुंबईलाही जाऊ म्हणाली, पण दिवसाच्या गाडीनं, तपोवननं. मुलीला फोन लावून दिला तेव्हा हिच्या दोनच शंका होत्या. साडी चालते का, आणि एखादी गोष्ट आवडली तर परत मागितल्यावर देतात का. पहिलीला उत्तर लगेच मिळालं. दुसरीला मुलगी म्हणाली, तिथं फोन करून विचारते.